डावीकडे जाणारी थाळी

मुलींना थाळीफेक शिकवताना मी शिट्टी वापरते. एक लांब शिट्टी म्हणजे मैदान मोकळं आहे, फेका. दोन छोट्या म्हणजे थाळी खाली ठेवा. नोकरीची पहिली काही वर्षं बरोबरच्या मास्तरांनी याची भरपूर टिंगल केली. 'बाई आधी रेल्वेत होत्या काय?' असं एकानं माझ्या तोंडावर विचारलं. माझा स्वभाव मुळात तापट, त्यामुळे त्यांना मी काय उत्तर दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण शिट्टी गळ्यातच राहिली. मैदानावर तोंडानं हुकूम द्यायचा नाही, कारण तोंडचा शब्द ऐकणाऱ्याच्या अंगात शिरेपर्यंत त्याचं काय होईल याचा भरवसा नसतो. हे मी माधवनगरला शिकले. त्याची किंमत मात्र आबांनी मोजली.

आबा म्हणजे माझे वडील. मेढ्याच्या वरच्या अंगाला आमचं गाव. भाताची चार खाचरं, बाकी सगळा डोंगर. घरटी एक माणूस पलटणीत जायचा, तसे आबाही गेले आणि हवालदार होऊन पेन्शनीवर परत आले. गावात बसून करण्यासारखं काही नव्हतं. पलटणीतल्याच एका ओळखीच्या माणसानं माधवनगरच्या एका कापड गिरणीत रात्रपाळीच्या वॉचमनची जागा मिळवून दिली. नोकरीबरोबर गिरणीमागच्या चाळीत एक खोली मिळाली. त्या खोलीमुळे मला सायकलवरून सांगलीच्या कॉलेजात जाता आलं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं मी जे केलं त्यात त्या खोलीचा वाटा मोठा आहे.

गिरणीच्या मागं एक मोकळं रान होतं. दोन बाजूंना ऊस, एका बाजूला गिरणीची उंच भिंत. भिंतीपलीकडं मागांचा खडखडाट सतत चालू असायचा. नव्या माणसाचं डोकं उठायचं, आम्हाला तो ऐकूही येईनासा झाला होता. सकाळी सातचा भोंगा झाला की आबांची पाळी सुटायची. ते टोपी काढून पिशवीत घालायचे आणि थेट रानात यायचे. मी थाळी घेऊन उभीच असायची. लाकडाची, लोखंडी कडेची, कॉलेजातून सही करून आणलेली थाळी. पाळीवर निघालेल्या बायका जाताजाता म्हणायच्या, 'अगं, घरात जेवाय ऱ्हाऊ दे की एखादी.' पहिल्यांदा मी चिडले, मग मीच त्यांना 'तुमच्यातली एक आणा उद्या' म्हणायला लागले.

आबांनी उभ्या आयुष्यात थाळीफेक बघितली नव्हती. पण पलटणीत त्यांनी नव्या जवानांना हातगोळा फेकायला शिकवलं होतं, आणि त्यांच्या मते तेवढं पुष्कळ होतं. 'गोळ्यात आन् थाळीत फरक काय? थाळी फुटत न्हाई, एवढाच,' असं ते म्हणायचे. त्यांचा सगळा भर एका शब्दावर होता. पलटणीतला हुकूम हिंदीत असायचा, माझ्यासाठी त्यांनी तो मराठीत आणला होता. ते लांब उभे राहून ओरडायचे, 'सोड!' आणि त्या शब्दासरशी मी गिरकी घेऊन थाळी सोडायची.

'हुकूम झाला की इचार करायचा न्हाई,' ते बजावायचे. 'इचार करत बसतो त्याच्या हातातच गोळा फुटतो.'

वर्षभर रोज सकाळी तीस-चाळीस वेळा हा शब्द ऐकला. शेवटी शेवटी असं झालं होतं की बाजारात कुणी कुणाला 'सोड' म्हणालं तरी माझी डावी टाच आपोआप उचलली जायची. याचं आम्हाला हसू यायचं.

आईच्या तोंडी हाच शब्द अगदी उलट होता. आई जतकडची, कोरड्या मुलखातली. लहानपणी मी विळा घेऊन बसले की ती चुलीपासून ओरडायची, 'सोड गं, सोड!' म्हणजे हातातलं खाली ठेव. भांडणात, खेळात, अभ्यासात, तिला जे थांबवायचं असेल त्याला ती 'सोड' म्हणायची. एका खोलीत एका शब्दाचे दोन अर्थ नांदत होते आणि कधी कुणाची गफलत झाली नव्हती, कारण आई रानात कधी येत नव्हती.

आईकडून मला आणखी एक गोष्ट आली होती, गोफण. दरवर्षी सुगीला तिच्या माहेरी जाऊन ज्वारीतली पाखरं हाकायचं काम मी केलं होतं. गोफणीत दगड सुटायच्या ऐन वेळी मनगटाला एक झटका द्यावा लागतो. तो झटका माझ्या हाडात मुरला होता. थाळी फेकतानाही शेवटच्या क्षणी मनगट तसंच वळायचं, थाळी उशिरा सुटायची आणि फडफड करत डावीकडे जायची. दहातल्या दहा थाळ्या डावीकडे. म्हणून आबा नेहमी उजवीकडे उभे राहायचे. तिथं एक जुनी बाभळ होती. तिच्या बुंध्यावर एक हात टेकवून ते उभे राहायचे, आणि थाळी पडली की आवाजाच्या रोखानं चालत जाऊन ती उचलून आणायचे. बाभळीजवळ थाळी कधीच जात नसे. ती जागा सुरक्षित होती, कारण मला फेकता येत नव्हतं.

कॉलेजात खेळाचे एक सर होते. बारीक, चष्मेवाले, स्वतः कधी खेळले असतील असं वाटायचं नाही. पण नजर अशी होती की माझ्या पहिल्याच फेकीनंतर त्यांनी विचारलं, 'गोफण चालवायचीस का?' मी गारच पडले. मग त्यांनी मला संध्याकाळच्या सरावाला घेतलं आणि पहिल्यापासून शिकवलं. थाळी तळहातात दाबून धरायची नाही, बोटांच्या शेवटच्या पेरांवर नुसती टेकवायची. अंगठ्याला काही काम नाही. मैदानाकडे पाठ करून उभं राहायचं, डाव्या पायाच्या चवड्यावर वळायचं, उजवा पाय वर्तुळाच्या मध्यावर आणायचा. 'आधी पाय, मग कंबर, मग खांदा,' ते सांगायचे. 'हात सगळ्यात शेवटी. बोलावल्याशिवाय त्यानं यायचं नाही.' आणि थाळी सुटताना ती पहिल्या बोटावरून फिरत गेली पाहिजे, म्हणजे हवेत डगमगत नाही.

एकदा माझ्याकडून ते जमलं. थाळी हातातून गेली आणि काही ऐकूच आलं नाही. मला वाटलं, हातातच राहिली. बघते तर ती सरळ, सपाट, लांब जात होती. सर म्हणाले, 'चांगल्या सुटलेल्या थाळीला आवाज नसतो.' त्या संध्याकाळी घरी जाताना मी सायकलवर गाणी म्हटली. या वाक्याची भीती वाटायला अजून महिनाभर अवकाश होता.

आबांचं काहीतरी बिघडलं होतं, हे मला श्रावणात जाणवायला लागलं. थाळी परत देताना ते ती माझ्या हातापासून वीतभर बाजूला धरायचे. पडलेली थाळी समोर दिसत असताना पायानं गवत चाचपायचे. रानात शिरताना ओठ हलायचे. मला वाटायचं, नामस्मरण करतात. एकदा जवळून ऐकलं तर ते पावलं मोजत होते. फाटकापासून बाभळीपर्यंत शहाऐंशी. रोज शहाऐंशी. बाभळीला हात लागला की मगच ते मान वर करायचे.

खात्री करावी म्हणून एका सकाळी मी एक खोडी केली. त्यांनी 'सोड' म्हटलं, मी पूर्ण गिरकी घेतली, पण हात आवळून धरला आणि थाळी सोडलीच नाही. ती छातीशी धरून मी उभी राहिले. ऊन चांगलं आलं होतं. माझ्या हातातली लोखंडी कड चमकत असणार. आबांनी मान किंचित तिरकी केली.

मग म्हणाले, 'बरी गेली. पन डावीकडंच गेली.'

भिंतीपलीकडचे माग मला एकदम मोठ्यानं ऐकू यायला लागले. मी तशीच उभी होते आणि ते बाभळीला हात लावून माझ्या दिशेनं हसत होते, पण थोडं बाजूला बघून. मी जाऊन विचारायला हवं होतं. शहाऐंशी पावलंही नव्हती. त्याऐवजी मी पुन्हा पवित्रा घेतला आणि थाळी खरोखर फेकली. ती पडल्यावर ते गेले आणि घेऊन आले.

का विचारलं नाही, याची कारणं मी तेव्हा स्वतःला नीट सांगितली होती. डोळ्यांचं कळलं तर वॉचमनची नोकरी त्याच दिवशी जाणार. नोकरी गेली की खोली जाणार, खोली गेली की कॉलेज, आणि मी मेढ्याच्या डोंगरात परत जाणार, जिथं माझ्यासाठी एक स्थळ बघून ठेवलेलंच होतं. माघात विद्यापीठाच्या संघाची निवड होती. सर म्हणाले होते, तू नक्की जाशील. एवढं होऊ दे, मग आबांना मिरजेला डोळे दाखवायला नेऊ, असं मी ठरवलं. मिरज काय, हाकेच्या अंतरावर. म्हाताऱ्यांना मोतीबिंदू होतोच. या सगळ्या कारणांत खोटं एकही नव्हतं. पण खरं कारण एकच होतं, की मला खेळायचं होतं.

त्यानंतर माझी थाळी रोज थोडी थोडी सुधारत गेली आणि माझी झोप बिघडत गेली. कारण सुधारायचं म्हणजे थाळी डावीकडून मधे यायची. मधून आणखी थोडी सरकली की पुढं बाभळ. फडफड होती तोवर आबांना ती येताना कानानं कळायची. आता आवाजही राहिला नव्हता. सर जे जे शिकवत होते त्यानं मी आबांच्या एकेक पाऊल जवळ जात होते. त्यांना जागा बदला म्हणावं तर बाभळ सोडून त्यांना रान सापडणार नव्हतं, आणि का बदलायची हे मला सांगावं लागलं असतं.

मग मी एक उपाय काढला. आज आठवलं की स्वतःला थोबाडीत द्यावीशी वाटते. सकाळी आबांसमोर मी मुद्दाम गोफणीचा झटका देऊन फेकायची, म्हणजे थाळी जुन्यासारखी फडफडत डावीकडे जायची. संध्याकाळी सरांसमोर नीट फेकायची. शरीराला असं फसवता येत नाही. संध्याकाळची थाळीही परत वाकडी व्हायला लागली. सर कधी चिडत नसत, पण एकदा वैतागून म्हणाले, 'मी संध्याकाळी शिकवतो ते सकाळी उठून कोण बिघडवतं गं?'

मी म्हटलं, 'कुणी नाही सर. मीच.'

सकाळी आबाही नाराज असायचे. 'वरीसभर तीच थाळी, त्योच आवाज,' ते म्हणायचे. 'कालिजात काय शिकिवत्यात का नुसतं पळिवत्यात?' मला रडू यायचं आणि रागही यायचा. त्यांचाच राग यायचा, हे कबूल करते. हा माणूस सांगत का नाही, असं मनात यायचं. रात्रभर कंदील घेऊन भिंतीकडेनं फिरतो, कुठंतरी पडेल, कुणी चोर आला तर काय करणार आहे, आणि तरी सांगत नाही. आम्ही दोघंही रोज सकाळी तीस-चाळीस वेळा एकमेकांशी खोटं बोलत होतो, आणि त्यासाठी आम्हाला 'सोड' हा एकच शब्द पुरत होता.

निवडीला आठ दिवस राहिले तेव्हा मी ठरवलं, आता मुद्दाम चुकायचं नाही. सकाळीसुद्धा नीट फेकायचं. आबा बाभळीपाशी आहेत हे आधी डोळ्यांनी बघायचं, थाळी त्यांच्यापासून डावीकडे पुष्कळ लांब पडेल असा पवित्रा घ्यायचा, मगच वळायचं. एवढी काळजी घेतली की पुरे. पहिले दोन दिवस बरे गेले. दुसऱ्या दिवशी तर थाळी इतकी मुकाट गेली की ती पडल्यावर आबा दचकले. मग त्यांचा चेहरा असा फुलला, की मी तो पलटणीतल्या फोटोत सोडून कुठं बघितला नव्हता.

तिसऱ्या दिवशी मी रानात गेले तर बाभळ नव्हती. गिरणीला तिथं शेड घालायची होती म्हणून आदल्या दिवशी दुपारी तोडली होती. गुडघ्याएवढा बुंधा राहिला होता आणि मैदानाच्या डाव्या कडेला दोन लाकूडतोडे तिचे ओंडके करत बसले होते. आबा शहाऐंशी पावलं मोजत आले. हात पुढं केला, तो हवेत फिरला. एकदा, दोनदा. मग बुंधा पायाला लागला. ते वाकून त्याला हात लावून बघत राहिले, मग सरळ उभे राहिले. मी म्हणाले, 'आबा, झाड तोडलंय.' ते म्हणाले, 'दिसतंय की.'

तेव्हा तरी थाळी पिशवीत घालून घरी जायला हवं होतं.

आबांनी 'सोड' म्हटलं. मी मैदानाकडे पाठ करून उभी होते. वळायला सुरुवात केली तर दंवानं ओल्या मातीवरून पाय सटकला, म्हणून थांबले. थाळी तशीच बोटांवर, पाय पुन्हा रोवायला लागले. त्याच वेळी मागं कुठंतरी लाकूडतोड्यानं एक ओंडका जमिनीवर टाकला. धप्प असा आवाज झाला. तो मी ऐकला आणि त्याचा काही विचार केला नाही. आबांनी तो थाळी पडल्याचा आवाज समजला. ती उचलायला ते बुंधा सोडून निघाले, नेहमीसारखे, आवाजाच्या रोखानं, मैदानाच्या मधोमध. माझी पाठ होती. मला हे दिसत नव्हतं.

ते दिसलं आईला. आई वर्षात कधी रानात आली नव्हती. त्या दिवशी आबा भाकरी न नेता पाळीवर गेले होते, रात्रभर उपाशी असतील म्हणून ती डबा घेऊन आली. वाटेवरून तिनं बघितलं, पोरगी थाळी घेऊन पवित्र्यात आणि नवरा समोरून चालत येतोय. ती जिवाच्या आकांतानं ओरडली, 'सोड गं! सोड, सोड!'

आवाज आईचा आहे हे माझ्या कानाला कळलं. पायांना कळलं नाही. डावी टाच उचलली गेली, आधी पाय, मग कंबर, मग खांदा, आणि हात सगळ्यात शेवटी. गोफणीचा झटका नव्हता. थाळी पहिल्या बोटावरून गेली. एवढी चांगली थाळी मी त्याआधी कधी फेकली नव्हती, आणि नंतरही नाही. सरळ, सपाट. तिला आवाजच नव्हता.

ती आबांच्या उजव्या खांद्याला गळ्याजवळ लागली. चार बोटं वर लागली असती तर हे लिहायला मी बसले नसते. ते खाली बसले, पडले नाहीत. मी पोचले तेव्हा ते डाव्या हातानं आजूबाजूचं गवत चाचपत होते, थाळी शोधत. आईच्या हातातला डबा तसाच होता. ती एवढंच म्हणत होती, 'मी सोड म्हनलं की गं. मी सोडच म्हनलं.'

लाकूडतोड्यांची बैलगाडी होती, तिच्यातून मोठ्या रस्त्यापर्यंत आणि पुढं एका ट्रकमधून आम्ही मिरजेला गेलो. इस्पितळात डॉक्टरांनी गळ्याखालचं, हासळीचं मोडलेलं हाड बांधलं. मग चेहरा बघताना त्यांनी बॅटरी आबांच्या डोळ्यांवर धरली आणि धरूनच राहिले. दुसऱ्या डॉक्टरांना बोलावलं. मोतीबिंदू नव्हता, काचबिंदू होता. त्यात गेलेली नजर परत येत नाही, फक्त उरलेली राखता येते, असं त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. आता राखायला फारसं उरलेलं नव्हतं.

'किती दिवसांपासून दिसत नाही?' त्यांनी विचारलं.

'झालं आसंल आठ-धा दिस,' आबा म्हणाले.

डॉक्टर हसले नाहीत. 'पावसाळ्यात आणलं असतं तर बरंच राखलं असतं,' ते म्हणाले, आबांना नाही, मला. शिकलेली मी एकटीच दिसत होते.

बाहेर व्हरांड्यात एक लांब बाकडं होतं. आई औषधाची चिठ्ठी घेऊन गेली होती. मी आणि आबा बसलो होतो. मी ठरवलं, आता सांगायचं. मला माहीत होतं आबा, पाच महिने माहीत होतं, एवढं वाक्य मी तोंडात जुळवत होते, तेवढ्यात तेच बोलले. समोर भिंतीकडे तोंड करून, हळू.

'श्रावणात एकदा तू थाळी सोडलीच न्हाईस. आठवतंय?'

मी मान डोलावली, त्यांना ती दिसत नाही हे विसरून.

'पडल्याचा आवाज झाला न्हाई. तवाच मला उमगलं, पोरगी बघतीया, बापाला दिसतंय का न्हाई. म्हनलं, लय ब्येस झालं. माझ्याच्यानं तोंड उघडत न्हवतं. आता ही इचारंल, मग सांगून टाकू. म्हनून म्हनलं, बरी गेली. तुझी वाट बघत हुतो. मग थाळी पडल्याचा धप्प आवाज आला.'

व्हरांड्यात माणसं येत जात होती. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते. आबांनी चांगला हात लांब केला, तो माझ्या खांद्यापासून वीतभर बाजूला गेला, मग परत येऊन खांद्यावर टेकला.

'तुला खेळायचं हुतं,' ते म्हणाले. 'सोड आता.'

त्यांचा एवढा एकच हुकूम मी आजपर्यंत पाळू शकलेले नाही.